महामारीत मोठ्या शहराच्या कचऱ्याचं नेमकं काय होतं? शहर बंद म्हणजे कचराही कमीच ना?

तुमचा प्रश्न रास्त आहे, मलाही सुरवातीला असंच वाटलं होतं. मी पुण्यात राहतो आणि 2020 मधे आमच्या सोसायटीत कचऱ्याचं सगळं बघायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे जवळून जे बघितलं तेच सांगतो.

वजनाने कचरा कमी झाला हे खरंय. मुंबईत एरवी रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो, एप्रिल 2020 मधे तो चार हजारांच्या आसपास आला होता, कारण हॉटेलं, ऑफिसं, मॉल, लग्नाचे हॉल सगळंच बंद. पण घरातला कचरा काही कमी झाला नाही, उलट चोवीस तास सगळी माणसं घरात, तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक, भाजीची सालं, सॅनिटायझरच्या बाटल्या, नंतर पार्सलचे डबे आणि ऑनलाइनचे खोके. आमच्याकडे ओल्या कचऱ्याचा खत करायचा खड्डा आहे, तो बघणारा माणूस 25 मार्चच्या लॉकडाउननंतर येऊच शकला नाही आणि आठ-दहा दिवसात खड्ड्याला असा वास सुटला की शेवटी आम्ही दोघा-तिघांनी वाळलेला पाला टाकून तो स्वतः वरखाली केला. आणि बाहेर उलटंच, हॉटेलच्या ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या बायोगॅस प्लांटना हॉटेलं बंद म्हणून मालच मिळेना.

पण माझ्या मते खरा फटका वजनाचा नाहीच, मिसळण्याचा आहे. पुण्यात घरोघरचा कचरा मोठ्या प्रमाणात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई गोळा करतात, त्यात बहुतेक बायका, आणि त्या हाताने सुका कचरा वेगळा करतात, कागद, बाटल्या, पुठ्ठा विकून त्यांचं घर चालतं. आता विचार करा, ज्या पिशवीत ताई हात घालणार त्याच पिशवीत कोणीतरी खोकून वापरलेला मास्क, ग्लोव्हज, टिश्यू टाकलेत आणि ते उघडून बघितल्याशिवाय कळणारच नाही. हॉस्पिटलच्या कचऱ्याला निदान वेगळी वाट असते, पिवळी पिशवी, वेगळी गाडी, जाळायची भट्टी. तोही प्रचंड वाढतो, वुहानमधे रोजचा 40-50 टनांवरून 240 टनांच्या घरात गेला होता, पण तो कुठे न्यायचा हे तरी ठरलेलं असतं. घरातल्या मास्कचं तसं नाही. क्वारंटाइन असलेल्या घरांचा कचरा वेगळा घ्यायचा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम मार्च 2020 मधेच आला, नंतर असंही सांगितलं की पेशंट नसलेल्या घरांनी मास्क कापून कागदी पिशवीत 72 तास ठेवून मग टाकावा. नियम चांगला होता हो, पण लोक पॉझिटिव्ह आल्याचं शेजाऱ्यांपासूनही लपवत होते, ते कचऱ्याच्या पिशवीवर कसलं लिहिणार?

आणि ताईंचं काय झालं ते कोणी फारसं बोलत नाही म्हणून थोडं लांबवतो. पहिल्या लाटेत भवानी पेठ, ताडीवाला रोड असे दाट वस्तीचे भाग सील झाले आणि अशाच वस्त्यांमधे कचरा गोळा करणारी कितीतरी माणसं राहतात, म्हणजे शहराचा कचरा उचलणारा माणूस स्वतःच बॅरिकेडच्या आत. ज्या बाहेर पडू शकल्या त्या चालत आल्या कारण बस नाही, रिक्षा नाही. आमच्या ताई आल्या तेव्हा काही सभासदांनी त्यांना गेटच्या आत घेऊ नका असा आग्रह धरला, पिशव्या गेटवर ठेवू म्हणाले, मला त्याचा आजही राग येतो, कारण तेच लोक दोन दिवस गाडी नाही आली तर मला फोन करायचे. त्यात भंगाराची दुकानं बंद, वेचलेला माल घरात साठवायला जागा नाही, आणि क्रूड तेल स्वस्त झाल्यामुळे नवं प्लास्टिक स्वस्त, मग रिसायकल प्लास्टिकला भाव कोण देणार. म्हणजे धोका दुप्पट आणि मिळकत अर्धीही नाही. दुकानं सुरू झाली तरी भाव लगेच वर आला नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे जमली. पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आधीपासून होती, ताईंनीच सुचवलं की मास्कचंही तसंच करा ना. मग आम्ही प्रत्येक मजल्यावर एक खोका ठेवला, मास्क कापून कागदात गुंडाळायचा, वर लाल स्केचपेनने ठिपका, खोका भरला की तीन दिवस बंद. पहिले दोन आठवडे निम्मी घरं करत नव्हती, मी दारोदार जाऊन सांगितलं, जिन्यात भांडणंही झाली. जून-जुलैपर्यंत बहुतेक सगळे करायला लागले. ताई ते खोके सगळ्यात शेवटी उचलायच्या, ग्लोव्हज घालून, आणि न उघडता तसेच गाडीत टाकायच्या.