आजीचा साखरांबा आणि शेजारची बरणी

चि. ओवी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी शेजारच्या आजींकडून परतताना तू विचारलेस, की त्या आपल्या बागेतली फळे रममध्ये मुरत घालतात, तर वाईची आजी तसे का करत नाही? "आपल्याकडे तशी पद्धत नाही," एवढेच मी तेव्हा म्हणाले; पण ते उत्तर मला अपुरे वाटले, म्हणून हे पत्र.

शेजारच्या त्या भांड्याला इथे जर्मनीत रुमटॉप्फ म्हणतात. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, मग चेरी, जर्दाळू, शेवटी आलुबुखार, असे जे फळ पिकेल ते त्याच्या निम्म्या वजनाच्या साखरेसह भांड्यात जाते, वरून फळे बुडतील इतकी रम ओतली जाते, आणि नाताळच्या सुमारास भांडे उघडते. येथील बाग एकेक फळ सवडीने देते, म्हणून भांडेही सवडीने भरते. वाईला तशी सवड नसते. परसातला रायवळ आंबा उन्हाळ्यात एकदम लगडतो, वळवाच्या एका वाऱ्यासरशी टोपलीभर कैऱ्या खाली येतात, आणि मृगाच्या आत सारे आटोपावे लागते. एकदा कृष्णाकाठी पावसाची ओल धरली, की बुरशीला निमित्त पुरते.

आजी कैरी किसून किस जरासा वाफवते, एका वाटीला दीड वाटी साखर घालते आणि मंद आचेवर ढवळत बसते. मग ती पाकाचा थेंब बशीत घेते, निवल्यावर अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून बोटे हलकेच दूर करते, आणि मधली केसासारखी तार न तुटता ताणली गेली की लगेच कढई उतरवते. पाक कच्चा राहिला तर साखरांबा आंबतो, पुढे गेला तर महिन्याभरात साखरेचे खडे धरतात. वेलची, केशर शेवटी. पुरेशी साखर फळातले पाणी इतके धरून ठेवते, की जंतूंना ते मिळतच नाही. रम तेच राखणीचे काम जंतूंना मारून करते. कैरीत आंबटपणा आणि पेक्टिन, म्हणजे मुरंब्याला दाटपणा आणणारा फळातला घटक, दोन्ही भरपूर असल्याने वेगळे काही घालावे लागत नाही. पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीत मात्र पेक्टिन कमी असते. म्हणून तिच्या जॅममध्ये आजी लिंबू पिळते.

मी नववीत असताना ओला चमचा बरणीत घातला होता. आठ दिवसांत वर पांढरी बुरशी दिसली आणि अख्खी बरणी टाकावी लागली. आजी रागावली नाही, पण तेव्हापासून बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे फडके, बांधण्याचे काम मी स्वतःकडे घेतले.

आता मद्याविषयी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. तरी माझ्या मते आपल्या घरातले खरे कारण निराळे आहे: साखरांबा पोळीबरोबर मुलांच्या डब्यात जातो, पाहुण्याच्या ताटात पडतो, आजारी माणसाच्या तोंडाला चव आणतो, आणि एवढ्या सगळ्यांसाठी केलेल्या बरणीत दारू घालणे आजीला कधी सुचलेच नसते. मुरवून मद्य होणे मात्र आपल्याला अगदीच परके नाही. आजोबा जेवणानंतर जे द्राक्षासव घेत, त्यात मनुका आणि धायटीची फुले आंबवलेली असतात आणि मद्यार्क आपोआप तयार होतो. पण ते औषध म्हणून, मापून दोन चमचे.

शेजारच्या आजी तुला त्यांच्या भांड्यातले चाखू देत नाहीत, हे योग्यच आहे. मोठी झालीस की अवश्य चाख. येत्या मे महिन्यात आपण वाईला जाऊ तेव्हा तार तू बघायचीस. एक बरणी शेजारच्या आजींसाठी आणू, आणि ती त्यांना देताना कोरडा चमचा वापरायला सांगायचे काम तुझे.

तुझी,
आई