आपले प्रश्न : राष्ट्रपती भवनाच्या आतल्या बाजूस

प्रश्न : राष्ट्रपती भवनात 340 खोल्या आहेत, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो. एवढ्या मोठ्या वास्तूत राष्ट्रपतींचे कुटुंब राहते तरी कोठे? (एक निवृत्त शिक्षिका, खानापूर)

उत्तर : बाई, आपण मुलांना सांगितलेला आकडा बरोबर आहे, मात्र राष्ट्रपतींचे राहते घर म्हणजे त्या वास्तूचा एक लहानसा भाग आहे, आणि तो तसा का झाला, ही हकिगत मला त्या भवनाच्या साऱ्या इतिहासात अधिक मोलाची वाटते. एडविन ल्युटेन्स यांच्या आराखड्यानुसार 1912 ते 1929 या काळात, सुमारे 70 कोटी विटा आणि 30 लाख घनफूट दगड वापरून ही इमारत उभी राहिली, ती व्हाइसरॉयच्या सत्तेचा दरारा बसावा म्हणून. तेथे सर्वप्रथम राहावयास आले ते लॉर्ड आयर्विन. पुढे जून 1948 मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजेच राजाजी, गव्हर्नर जनरल झाले, तेव्हा व्हाइसरॉयची ती दालने त्यांना आपल्या राहणीला न शोभणारी, फार भव्य वाटली. त्यांनी आपले बिऱ्हाड त्याच इमारतीतील लहान खोल्यांत हलवले आणि व्हाइसरॉयची दालने पाहुण्यांसाठी ठेवली. त्यांच्यानंतरच्या राष्ट्रपतींनी हाच पायंडा पाळला. म्हणून आजही व्हाइसरॉयची दालने परदेशच्या राष्ट्रप्रमुखांसारख्या पाहुण्यांसाठी असतात आणि यजमान मात्र लहान बाजूस राहतात. घरधन्याने माजघरात राहावे आणि सोपा पाहुण्याला द्यावा, ही आपल्याकडची रीतच तेथे नांदते आहे, असे मला मनापासून वाटते. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत राजाजींनी आवारातील काही जमीन गव्हाच्या लागवडीखाली आणली होती, हेही मुलांना अवश्य सांगावे. इमारतीचे ‘गव्हर्नमेंट हाउस’ हे नाव जाऊन ‘राष्ट्रपती भवन’ हे नाव आले, ते 1950 मध्ये.

प्रश्न : एवढा पसारा सांभाळणारी माणसे कोण असतात? त्यांच्याविषयी कोठे फारसे लिहिलेले आढळत नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. सुमारे 330 एकरांच्या त्या आवारात माळी, स्वयंपाकी, वाढपी, परीट, शिंपी, सुतार, घोड्यांची निगा राखणारे असे शेकडो लोक काम करतात, आणि त्यांतील अनेकांची कुटुंबे आवारातच राहतात. त्यांच्या मुलांसाठी तेथे शाळा आहे, दवाखाना आहे, टपाल कचेरीही आहे. मुख्य भोजनगृहात एका लांबलचक टेबलाभोवती 104 पाहुणे बसू शकतात. आपल्या पंगतीत वाढपी ‘भात, भात’ असे म्हणत फिरतो. तेथे कोणी तोंडातून शब्द काढत नाही. भिंतींवर माजी राष्ट्रपतींची तैलचित्रे आहेत आणि त्यांच्या वर लावलेल्या दिव्यांच्या खुणेवरून केव्हा वाढावयाचे आणि केव्हा ताटे उचलावयाची, हे वाढप्यांना कळते. मुदपाकखान्यातील ‘दाल रायसिना’ तर दोन दिवस आधीपासून शिजत असते.

जुन्या काळची एक गोष्ट मात्र मनाला लागते. व्हाइसरॉयच्या बागेत 418 माळी असत आणि त्यांतील 50 पोरांचे काम केवळ पाखरे हाकलण्याचे असे, असे सांगतात. आपल्या शिवारात जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारे पोर आपण पाहिलेच असेल. पण ते राखते ते त्याच्या घरचे दाणे असतात. दिल्लीतील त्या पोरांनी राखली ती परक्याची बाग, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. आता त्याच बागेला 2023 पासून ‘अमृत उद्यान’ म्हणतात आणि वसंतात ती सर्वांसाठी खुली असते.

प्रश्न : भवनासमोर घोड्यांवर दिसणारे जवान आपल्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे असतात का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. ते राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल असून त्याची स्थापना 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात झाली. भवनावरील पायदळाचा पहारा मात्र सैन्यातील वेगवेगळ्या पलटणी पाळीपाळीने देतात.

प्रश्न : आमच्या भागातील कोणी माणूस राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचला होता काय? (एक शेतकरी, अथणी)

उत्तर : होय, आणि तो आपल्यापासून फार दूरचा नव्हता. जमखंडी तालुक्यातील सावळगीचे बसप्पा दानप्पा जत्ती हे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वकिली करून पुढे तेथील दिवाणपदापर्यंत चढले. त्यांची मायबोली कन्नड होती, उच्च शिक्षण कोल्हापुरात झाले होते. सीमेच्या दोन्ही अंगांना आपले म्हणता येईल, असा हा माणूस होता. ते उपराष्ट्रपती असताना 11 फेब्रुवारी 1977 रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे पदावर असतानाच निधन झाले, आणि घटनेच्या तरतुदीप्रमाणे राष्ट्रपतिपदाची जबाबदारी जत्तींवर आली. आणीबाणीनंतरची निवडणूक तेव्हा तोंडावर होती. तिच्या निकालानंतर 24 मार्च 1977 रोजी मोरारजी देसाई देशाचे पहिले काँग्रेसेतर पंतप्रधान झाले, आणि त्यांना पदाची शपथ दिली ती सावळगीच्या जत्तींनी.