'थेट जाऊ नकोस' हेही स्क्विडला सांगावं लागतं

प्रश्न (शहादा): कॉलेजच्या लॅबमध्ये स्क्विड हा प्रॉक्सी (संगणक आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर) बसवला आहे. बाहेरची वाट फक्त संस्थेच्या मुख्य प्रॉक्सीतून आहे. स्क्विडच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कॅश_पिअरची ओळ टाकली, तर काही साध्या साइट उघडतात, पण एचटीटीपीएसच्या नुसत्या फिरत राहतात.

उत्तर: भाऊ, ओळ बरोबर आहे, पण काम अर्धंच झालंय. कॅश_पिअरमुळे वरचा प्रॉक्सी कुठे आहे एवढंच स्क्विडला कळतं. थेट जायला मनाई आहे हे कळत नाही. एचटीटीपीएससाठी ब्राउझर 'कनेक्ट' विनंती पाठवतो आणि मूळ सेटिंगमध्ये स्क्विड ती आधी थेट न्यायला बघतो. तुमच्याकडे ती वाटच बंद, म्हणून चाक फिरत राहतं. त्याच फाइलमध्ये 'नेव्हर_डायरेक्ट अलाऊ ऑल' (कुठेच थेट जाऊ नकोस) लिहा.

कॅश_पिअरची ओळही तपासा. पत्ता, 'पेरेंट', वरच्याचा पोर्ट (बहुधा ३१२८) आणि त्यानंतर आयसीपीचा (प्रॉक्सी एकमेकांना 'हे तुझ्याकडे आहे का' विचारतात ती पद्धत) पोर्ट, असा क्रम असतो. नमुन्यांत तिथे ३१३० असतं. वरचा प्रॉक्सी आयसीपीला उत्तर देत नसेल, तर ० द्या आणि पुढे 'नो-क्वेरी डिफॉल्ट' जोडा.

मग 'स्क्विड -के पार्स' (फाइलमधल्या चुका तपासायला), त्यानंतर 'स्क्विड -के रीकॉन्फिगर' (बदल लागू करायला) चालवा, आणि ॲक्सेस लॉग (विनंत्यांची नोंद) उघडून शेवटून दुसरा रकाना वाचा. 'हायर_डायरेक्ट' दिसलं, तर अजून थेटच धडपडतोय. नावात 'पेरेंट' आणि पुढे वरच्याचा पत्ता दिसला की जमलं. माझ्या मते हा एक रकाना वाचता आला की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

प्रश्न (अमळनेर): नेव्हर_डायरेक्ट लिहिल्यावर आमचा आतला ग्रंथालयाचा सर्व्हरच उघडेना.

उत्तर: त्याच्या नावाची डीएसटीडोमेनची (साइटच्या नावावरून ओळखणारी) एसीएल, म्हणजे नियमासाठीची यादी, करा आणि तिला 'ऑलवेज_डायरेक्ट अलाऊ' (इथे थेटच जा) द्या. हा नियम नेव्हर_डायरेक्टच्या आधी तपासला जातो. आयपीवरची एसीएल टाळा. प्रत्येक बाहेरच्या नावासाठी डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) विचारलं जाईल, आणि अशा नेटवर्कवर ते उत्तर बरेचदा येतच नाही.

प्रश्न (भुसावळ): वरचा प्रॉक्सी पासवर्ड मागतो.

उत्तर: कॅश_पिअरच्या शेवटी 'लॉगिन=नाव:पासवर्ड'. पासवर्डात % असेल तर %% लिहा, नाहीतर कितीही वेळा टाका, नकारच येईल. पासवर्ड फाइलमध्ये उघडा राहतो, तेव्हा ती सगळ्यांना वाचता येऊ देऊ नका.

प्रश्न (रावेर): केळीच्या पॅकहाऊसच्या ऑफिसात लाइन मंद आहे. स्क्विडच्या कॅशसाठी (एकदा आलेलं साठवून पुन्हा द्यायला) १ टीबीची डिस्क घ्यावी का?

उत्तर: नका घेऊ. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. तो मजकूर बंद पेटीसारखा स्क्विडमधून जातो, साठवता येत नाही. फायदा होतो तो लिनक्सच्या अपडेटना, कारण ती पॅकेजेस बरेचदा साध्या एचटीटीपीवरून येतात. पण एका फाइलची मूळ मर्यादा ४ एमबीची असल्यानं मोठी पॅकेजेस साठतच नाहीत. 'मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ' ५१२ एमबी करा, आणि ती ओळ कॅश_डिरच्या (साठ्याची जागा सांगणाऱ्या ओळीच्या) वर ठेवा. आहे त्या डिस्कवर २० जीबी पुरतील.