वाचकांचे प्रश्न : जुन्या सीएनसीचे ड्राइव्ह आणि एन्कोडर

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. तिरक्या बेडचं जुनं टर्निंग सेंटर आहे, कंट्रोल फॅनुक कंपनीचा, शून्य (०) मालिकेचा. एक्स अक्षावर ४१४ अलार्म येतो. ड्राइव्ह (मोटरला पॉवर देणारा संच) दोनदा दुरुस्त करून आणला, दोन्ही वेळा काही दिवसांतच परत बिघडला. नवा घ्यावा का?

उत्तर : अजून घेऊ नका. दुरुस्त केलेला ड्राइव्ह लागोपाठ जातो तेव्हा आधी मोटरवर आणि मोटरपर्यंतच्या केबलवर संशय घ्यायचा. तिथे दोष असेल तर नवा ड्राइव्हही त्याच वाटेने जाईल.

४१४ अलार्म सर्व्होत (अक्ष फिरवणाऱ्या मोटर-ड्राइव्हच्या यंत्रणेत) बिघाड आहे एवढंच सांगतो. कारण डायग्नोसिसच्या पानावर असतं. पहिल्या अक्षासाठी ७२० आणि दुसऱ्यासाठी ७२१ हा क्रमांक उघडा. तिथे शून्य-एकचे आठ आकडे दिसतील. अगदी उजवीकडचा बिट ०, तिथून डावीकडे मोजत जा. बिट ६ वर १ असेल तर व्होल्टेज कमी, बिट ४ वर असेल तर करंट जास्त, बिट ३ म्हणजे डीसी बसचं (ड्राइव्हमधल्या डीसी पुरवठ्याचं) व्होल्टेज जास्त आणि बिट २ म्हणजे रिजनरेशनच्या (मोटर थांबताना परत येणारी ऊर्जा जिरवणाऱ्या) बाजूचा दोष. पॉवर बंद करण्याआधी या पानाचा फोटो काढून ठेवा.

बिट ४ असेल तर पॉवर बंद करून किमान १० मिनिटं थांबा. कपॅसिटरमधला भार उतरला का, हे बसवर मीटर लावून पाहा. नुसता दिवा विझला म्हणून हात घालू नका. मग ड्राइव्हवरून मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू तारा सोडवा. तिरक्या बेडवर एक्स स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली येते आणि सर्व्हो ऑन होताच ब्रेक सुटतो, म्हणून त्याआधी स्लाइडखाली लाकडी ठोकळा हवाच. आता पॉवर द्या. मोटर सोडलेली असतानाही जास्त करंटचा अलार्म आला तर दोष ड्राइव्हचा. नाही आला तर मोटर किंवा केबल.

त्यानंतर मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर. ५०० व्होल्टचा मेगर घ्या, पण केबल दोन्ही टोकांना सोडवलेली असली पाहिजे. मेगर चुकून ड्राइव्हवर किंवा एन्कोडरवर (मोटर किती फिरली हे मोजणाऱ्या भागावर) गेला तर तेही जातील. मोटरचं वाइंडिंग बॉडीशी १०० मेगाओहमच्या वर दाखवत असेल तर ठीक. १० ते १०० म्हणजे इन्सुलेशन उतरायला लागलं आहे, १ ते १० म्हणजे बरंच खराब झालं आहे, आणि १ च्या खाली असेल तर ती मोटर मशिनवर ठेवूच नये. तीनही फेजमधला रेझिस्टन्स सारखा येतो का, तेही बघा. केबल वेगळी तपासा आणि मेगर लागलेला असतानाच ती केबल चेनमध्ये हलवून पाहा. तुटकं इन्सुलेशन केबल वाकली की मगच सापडतं.

आपल्याकडे पावसाळ्यात हा त्रास वाढतो. हवेतली ओल आणि कूलंट दोन्ही मोटरच्या गोल कनेक्टरमध्ये उतरतात. कनेक्टर वर तोंड करून बसवला असेल तर तो खाली वळवा आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळावरून गळून जातो, आत शिरत नाही.

मोटर-केबल स्वच्छ निघाली तरच ड्राइव्ह पुन्हा दुरुस्तीला द्या. देताना नुसता आयजीबीटी (ड्राइव्हमधला पॉवर स्विच) बदलून चालणार नाही हे स्पष्ट सांगा. बसचे कपॅसिटर, पंखा आणि हीटसिंकवरची थर्मल पेस्टही बदलायला हवी. इतक्या वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकलेला असतो, आणि पॅनेलचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चाचणी मोटर जोडून, लोड देऊन करायची. जुना ड्राइव्ह काढण्याआधी त्यावरच्या जंपर आणि स्विचच्या जागांचा फोटो घ्या.

आणखी एक. स्पेअर म्हणून वर्षानुवर्षं कपाटात पडलेला ड्राइव्ह एकदम पूर्ण व्होल्टेजवर लावू नका. डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तासाभरात हळूहळू व्होल्टेज चढवा, म्हणजे कपॅसिटर परत तयार होतात.

प्रश्न : तळवड्यात आमची जुनी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मशिनिंग सेंटर) आहे. एक्स अक्षाचा एन्कोडर बदलला. आता १०० मिमी सांगितलं की टेबल १२५ मिमी जातं. शिवाय त्याआधीपासून दिवसभरात शून्य सरकायचं, ते अजूनही सरकतं.

उत्तर : पहिली गोष्ट सरळ गणिताची आहे. मूळ एन्कोडर २५०० पल्सचा असणार. कंट्रोल ए आणि बी चॅनेलच्या चारही कडा मोजतो, म्हणजे एका फेऱ्यात १०,००० काउंट. बॉलस्क्रूचा पिच १० मिमी आणि मोटर थेट जोडलेली असेल तर एक काउंट बरोबर १ मायक्रॉन होतो. नवा एन्कोडर २००० पल्सचा आला असावा; त्याचे फेऱ्याला ८,००० काउंट होतात, आणि १०,००० काउंट पुरे करायला स्क्रू सव्वा फेरा फिरतो. पॅरामीटर बदलून हे जुळवता येईल, पण मग एक काउंट १.२५ मायक्रॉनचा होतो. २५०० चाच एन्कोडर मागवा. मागवताना पल्सखेरीज आउटपुट ५ व्होल्टचा लाइन ड्रायव्हर आहे ना, ए-बी-झेड तिघांच्या उलट जोड्या आहेत ना आणि शाफ्टचा व्यास किती, हेही लेखी कळवा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जो एन्कोडर हाताशी मिळतो तो बऱ्याचदा २४ व्होल्टचा ओपन कलेक्टर असतो; तो इथे चालत नाही.

शून्य सरकण्याचं कारण शोधायला डायल (बारीक सरकणं दाखवणारं गेज) लावा. होम करून (अक्ष मशिनच्या मूळ स्थानावर नेऊन) टेबल डायलला टेकवा, शून्य करा. मग जलद गतीने ५० वेळा पुढे-मागे पळवून त्याच जागी आणा. डायल सरकलेला दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका. पुन्हा होम करून त्याच जागी या. डायल शून्यावर परतला तर कंट्रोल काउंट हरवतो आहे किंवा जास्तीचे मोजतो आहे, म्हणजे दोष एन्कोडर, केबल किंवा नॉइजचा. होम करूनही फरक तसाच राहिला तर मोटर आणि बॉलस्क्रूमधलं कपलिंग घसरतं आहे, कारण झेड पल्स (फेऱ्यात एकदाच येणारी, होमसाठी वापरली जाणारी खूण) मोटरच्या शाफ्टबरोबर फिरतो, स्क्रूबरोबर नाही. कपलिंगवर रंगाची एक रेघ दोन्ही शाफ्टवर जाईल अशी ओढा, खात्री होईल. तुमच्याकडे एन्कोडर बदलूनही सरकणं थांबलं नाही, म्हणून आधी कपलिंगचाच संशय घ्यावा.

दोष काउंटचा निघाला तर एन्कोडरच्या टोकाला ५ व्होल्ट मोजा, पॅनेलमध्ये नाही. ४.७५ च्या खाली आलं तर पल्स मधूनच गळतात. केबलमध्ये रिकाम्या तारा असतील तर ५ व्होल्ट आणि शून्य या दोन्हींसाठी त्या समांतर जोडा. शिल्ड नीट अर्थ झाली आहे का पाहा, आणि मोटरची पॉवर केबल एन्कोडरच्या केबलला बांधलेली असेल तर ती वेगळी करा.

प्रश्न : एसी सर्व्हो मोटरवरचा एन्कोडर आम्ही स्वतः बदलू शकतो का?

उत्तर : मोटरवर अवलंबून आहे. फॅनुकच्या सीरियल पल्सकोडरमध्ये ओल्डहॅम कपलिंग ठरावीक स्थितीतच बसतं. काढण्याआधी खूण करा, दात जुळवा, जोर लावू नका; काम होतं. पण ज्यात एन्कोडर थेट शाफ्टवर आहे आणि त्यात कम्युटेशनचे (मोटरच्या कोणत्या फेजला कधी करंट द्यायचा हे सांगणारे) यू-व्ही-डब्ल्यू ट्रॅक आहेत, तिथे नुसता बसवून चालत नाही. ८ पोलच्या मोटरमध्ये एन्कोडर २२.५ अंश चुकला की टॉर्क शून्य, आणि ४५ अंश चुकला की मोटर उलटी पळते.

म्हणून जुना एन्कोडर काढण्याआधीच नोंद घ्या. करंट मर्यादित करता येणाऱ्या डीसी सप्लायने यू ला धन, व्ही आणि डब्ल्यू एकत्र करून ऋण द्या. करंट मोटरच्या रेटिंगपेक्षा बराच कमी ठेवा. रोटर एका जागी घट्ट धरला जाईल. त्या स्थितीत तीन ट्रॅक काय दाखवतात ते लिहा आणि नवा एन्कोडर तसाच जुळवून आवळा. जुना पूर्ण मेलेला असेल तर दुसऱ्या अक्षाच्या तशाच मोटरवर ही नोंद मिळते. ब्रशच्या डीसी सर्व्होला हा प्रश्नच नाही.

दोन्ही प्रकारांत झेड पल्सची जागा बदलते, म्हणून होम सरकतो. ग्रिड शिफ्ट (होमची जागा जुळवण्याचा पॅरामीटर) नव्याने घाला. व्हीएमसीचा झेड अक्ष असेल तर टूल बदलण्याची उंची तपासल्याशिवाय एटीसी (आपोआप टूल बदलणारी यंत्रणा) चालवू नका, नाहीतर आर्म स्पिंडलवर आदळतो.

प्रश्न : कंट्रोलची बॅटरी गुरुवारी सुट्टीच्या दिवशी, मशिन बंद असताना बदलावी का?

उत्तर : गुरुवारी बदला, पण कंट्रोल चालू ठेवून. शून्य मालिकेत मेमरीसाठी ३ मोठे सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, अॅब्सोल्यूट पल्सकोडरसाठी ४ सेल म्हणजे ६ व्होल्ट. अल्कलाइनच घ्या. ९०० पासूनचे पॅरामीटर आधी उतरवून ठेवा. मशिनचे ऑप्शन त्यातच असतात.

प्रश्न : मूळ ड्राइव्ह मिळत नाही. बाजारातला साधा सर्व्हो संच बसेल का?

उत्तर : जुना ड्राइव्ह ±१० व्होल्टच्या कमांडवर चालणारा असेल तर बसेल. मोटरचा टॉर्क, इनर्शिया, फ्लँज आणि शाफ्ट जुळवा. ड्राइव्ह २०० व्होल्टचा असेल तर जुना ट्रान्सफॉर्मर काढू नका. ४१५ व्होल्ट थेट दिलं तर तो तत्क्षणी जाईल. ड्राइव्हचा एन्कोडर आउटपुट जुन्या पल्सइतका ठेवा. पहिली चाचणी स्लाइड मधोमध आणून, टॉर्क लिमिट कमी करून, इमर्जन्सीवर हात ठेवून घ्या. कमांड आणि फीडबॅकची दिशा उलटी असेल तर अक्ष सुसाट सुटतो.

फॅनुकच्या डिजिटल सर्व्होत मात्र हे जमत नाही. तिथे करंटचा हिशोब कंट्रोलच्या अॅक्सिस कार्डात होतो आणि ड्राइव्ह केवळ पॉवरचा भाग असतो. त्यामुळे त्याच जातीचा ड्राइव्ह शोधावा लागतो, किंवा कंट्रोलसकट सगळं बदलावं लागतं. बेड, गाइडवे आणि बॉलस्क्रू चांगले असतील तरच तो खर्च करा.