आय-पिल घेतल्यावर सहाव्या दिवशी रक्त गेलं, आता पाळी लांबलीय. दिवस राहिले असतील का?

सहाव्या दिवशी गेलेल्या रक्तावरून काहीच ठरत नाही. हे आधीच सांगते, कारण 'रक्त गेलं ना, मग सुटलीस' असं म्हणून मैत्रिणीने तुम्हाला दोन आठवडे निवांत ठेवलं आणि आता तारीख उलटून चार दिवस झाल्यावर तुमची झोप उडालीय. मी डॉक्टर नाही. कोपरखैरणेत माझं मेडिकल आहे, बी. फार्म. केलंय, आणि तुमचा प्रश्न आमच्या काउंटरवर इतक्या दबक्या आवाजात येतो की बऱ्याचदा ओठांवरून ओळखावा लागतो.

तुम्ही दिलेल्या तारखा ओळीने लावून बघू. पाळी दर ३० दिवसांनी येते. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर बाराव्या दिवशी रात्री कंडोम फाटला, तेराव्या दिवशी सकाळी आय-पिल, म्हणजे संबंधानंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी, घेतली. एकोणिसाव्या दिवसापासून तीन दिवस तपकिरी-लालसर डाग लागले. आज पस्तिसावा दिवस. मध्येच एक ओळ तुम्ही सहज टाकलीय: पंधराव्या दिवशी पुन्हा संबंध आला, पण 'गोळीचा असर ७२ तास असतो' म्हणून तेव्हा काही वापरलं नाही. माझ्या मते अख्ख्या प्रश्नात काळजी करण्यासारखी ओळ ही आहे. रक्ताची नव्हे.

७२ तास म्हणजे संबंधानंतर किती वेळात गोळी घ्यायची, त्याची मुदत. जितकी लवकर तितकी चांगली. गोळी घेतल्यानंतर पुढचे ७२ तास मोकळीक, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन १.५ मिलिग्रॅम असतं आणि ते मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवतं. आता विचार करा: बीजांड पुढे ढकललं गेलंय आणि पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. मग गोळीनंतर दोन दिवसांनी आलेला संबंध नेमका त्या लांबलेल्या बीजांडाला गाठू शकतो. पहिल्या रात्रीसाठी तुम्ही वेळेत गोळी घेतलीत, तिथे धोका बराच कमी झाला. बीजांड आधीच बाहेर पडलं असेल तर मात्र ही गोळी फारसं काही करू शकत नाही, आणि बारावा-तेरावा दिवस त्याच्या जवळपासचाच असतो. एरवी वेळेत घेऊनही शंभरात एक-दोघींना दिवस राहतात. दुसऱ्या वेळेसाठी तर तुमच्याकडे काहीच संरक्षण नव्हतं.

मग ते रक्त कसलं? हार्मोनचा एकदम मोठा डोस शरीरात येतो आणि थोड्याच दिवसांत उतरतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा काही भाग सुटतो आणि डाग लागतात. कुणाला लागतात, कुणाला अजिबात नाही. लागले नाहीत म्हणजे गोळी फसली असं नाही, आणि लागले म्हणजे पाळी आली असंही नाही. पुढची पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होणं या गोळीनंतर नेहमीचं आहे. त्यामुळे चार दिवस उशीर एवढ्यावरून मी घाबरले नसते.

पण अंदाज करत बसायचं कारणच नाही. शेवटच्या असुरक्षित संबंधाला २१ दिवस झाले की लघवीच्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. तुमच्या बाबतीत तो दिवस उद्या आहे. कुठल्याही मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट घ्या, एक्स्पायरी बघा, सकाळची पहिली लघवी घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच रेघा वाचा. तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. निगेटिव्ह आली आणि तरी आठवड्यात पाळी आली नाही, तर पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना दाखवा.

'आत्ता अजून एक आय-पिल घेऊ का' असं विचारलंय. नको. इतक्या दिवसांनी तिचा काही उपयोग नाही. दिवस राहिले असतील तर ती गर्भ पाडत नाही, त्याला इजाही करत नाही. फक्त तारखांचा आणखी गोंधळ होतो. 'पाळी आणायच्या गोळ्या' मागायला तर रोज कुणी ना कुणी येतं, बहुतेक वेळा नवरा किंवा मित्र. तपासणी न करता त्या घेऊ नका.

पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली किंवा तासाला पॅड भिजायला लागलं तर मात्र उद्याची वाट बघायची नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिल्याचीही शक्यता असते. रात्र असली तरी वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठा.

पॉझिटिव्ह आली आणि गर्भ नको असेल तर गर्भपाताच्या गोळ्या कुणाकडून परस्पर मागवू नका. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात, आणि आधी गर्भ किती आठवड्यांचा, कुठे आहे हे बघावं लागतं. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होऊ शकतं, म्हणून दिवस घालवू नका. गर्भनिरोधक फसलं हे कारण गर्भपाताच्या कायद्याला चालतं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्न झालेलं असण्याची अट नाही. १८ वर्षं पूर्ण असतील तर सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची, आईवडिलांची नाही. कुणी तशी मागितली तर दुसरीकडे जा. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

शेवटचं एक विचारायचं राहिलं: टीबीच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का? रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांच्यामुळे आय-पिलचा असर कमी होतो, आणि टीबीची औषधं तर आमच्याकडे घराघरात निघतात. असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा वेळी गोळीपेक्षा संबंधानंतर पाच दिवसांच्या आत गर्भाशयात बसवलेली कॉपर-टी कितीतरी खात्रीची असते, आणि ती पुढची बरीच वर्षं चालते. तपासणीचं काय झालं ते कॉमेंटमध्ये कळवलंत तर पुढचं सांगते.