‘ज्वारीय द्वीप’ कशाला, आपल्याकडे ‘जुवें’ आहे

प्रश्न असा आलाय: दक्षिण गोव्यातल्या पाळोळ्याच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला जे खडकाळ, बिनवस्तीचं बेट आहे, सुकतीला चालत जाता येतं आणि भरतीला तुटतं, त्याला मराठीत ‘ज्वारीय द्वीप’ म्हणायचं की ‘द्वीपकल्प’?

ते ‘ज्वारीय’ आधी काढून टाका. हल्ली बातम्यांत, गाईडांत सगळीकडे ऐकतोय आणि दरवेळी डोकं उठतं. ज्वार म्हणजे भरती हे हिंदीत, आपल्याकडे ज्वारी भाकरीची. भरती-ओहोटी आहे, गोव्यात भरती-सुकती आहे, मोठ्या भरतीला उधाण आहे, कमी भरतीला भांग आहे, घरात एवढं असताना शेजाऱ्याकडे मागायला का जायचं? द्वीपकल्पही नको. त्यातला ‘कल्प’ म्हणजे जवळजवळ, मृतकल्पमधला तोच, आणि हे तर दिवसातून दोनदा पुरतं बेट होतं.

आता खरा शब्द. जुवें! मांडवीतल्या सांत इस्तेव बेटाला आपण जुवेंच म्हणतो, कुंभारजुवें आहे, तिकडे राजापूरच्या खाडीत जुवे-जैतापूर आहे. काही अभ्यासक ठोकून देतात की हा ‘द्वीप’चाच अपभ्रंश. कसा काय? ‘द्व’चा आपल्याकडे द होतो नाहीतर ब होतो, द्वार-दार, द्वादश-बारा, भाऊबीजेतली बीज म्हणजे द्वितीया. द्वीपाचं दीव झालं आणि ते कारवारजवळच्या अंजदीव बेटाच्या नावात अजून बसलंय. ज येतो ‘द्य’मधून (विद्युत-वीज) किंवा सुरुवातीच्या ‘य’मधून, यव-जव, योग-जोग, यंत्र-जातं. आणि युग म्हणजे जोखड, त्याचं झालं जू! माझं ठाम मत आहे की जुवें याच घरातलं, ‘युज्’ म्हणजे जोडणे याच्या पोटचं. बैलाच्या मानेवर जू येतं आणि उतरतं, तशी ही जमीन किनाऱ्याला जोडली जाते आणि सुटते. नुसत्या ‘बेट’ शब्दात हे आहे कुठे?

यावर लगेच सांगतात की सांत इस्तेव नदीतलं, तिथे सुकतीला कोण चालत जातं? अहो, खाजनांना, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनींना, बांध पडायच्या आधीचा गोवा डोळ्यापुढे आणा. मांडवीत भरतीचा परिणाम आजही जवळजवळ ५० किलोमीटर आतपर्यंत जातो, मधले उथळ फाटे सुकतीला नुसता चिखल होत असणार. नाव आजच्या फेरीबोटीकडे बघून पडलेलं नाही, हे लक्षात न घेता वाद घालतात याचं वाईट वाटतं.

अशा बेटांच्या आडोशाला काय होतं ते बघण्यासारखं असतं. लाटा बेटाला दोन बाजूंनी वळसा घालून मागे येतात, एकमेकींना भिडतात, जोर मरतो आणि सोबत आणलेली वाळू तिथेच पडते. साचत साचत पाण्याखाली पट्टी तयार होते, सुकतीला ती वर येते. अमरकोशात तिला नाव आहे, ‘तोयोत्थितं तत्पुलिनम्’, पाण्यातून वर आलेली जमीन म्हणजे पुलिन. आपण पुलिन कवितेत नदीकाठ म्हणून वापरून वाया घालवला.

मी गेल्या महिन्यात गेलो ते नेमका अष्टमीला, म्हणजे भांगाला. उधाणाला, अमावास्या-पुनवेला, पाणी जेवढं चढतं तेवढंच खाली उतरतं, भांगाला धड चढत नाही धड उतरत नाही. त्यामुळे ऐन सुकतीलाही गुडघ्याएवढं म्हणता म्हणता मांडीपर्यंत पाणी, चपला हातात, आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा तळव्याला कापत होत्या. वेळही रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते, कालची वेळ धरून गेलात तर फसाल.

तर पाटी लावायची असेल तर ‘सुकतीचं जुवें’ लिहा, आणि खाली त्या दिवसाची परतायची वेळ.