साइट तालुक्याच्या पलीकडे, सूचना मोबाइलवर

शेतातले सौर पंप, डोंगरावरचे मोबाइल टॉवर, गोदामांचे पत्रे. तीन-चार जणांची टोळी तिकडे आणि सुपरवायझर पुण्यात नाहीतर नाशकात. मग सकाळची टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधी आजच्या धोक्यांवरची छोटी चर्चा, द्यायची कशी? हा प्रश्न इतक्या जणांकडून येतोय की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत.

टूलबॉक्स टॉक 15 मिनिटांची असावी असं कायद्यात आहे, असं ऐकलं. खरं का?

ज्यांनी सांगितलं त्यांना कलम विचारा. आजचं काम, त्यातला धोका आणि त्यावरचा उपाय माणसाला कळेपर्यंत बोलायचं. कधी पाच मिनिटं पुरतात, कधी अर्धा तास जातो. तुमच्या कामाला कोणते नियम लागू होतात हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या.

सहा साइट सांभाळतो. रोज सकाळी ग्रुपवर सूचनांची पीडीएफ टाकतो, सगळे अंगठा देतात, स्क्रीनशॉट फाइलला लावतो. ऑडिटला चालतं. एवढं पुरेसं ना?

ऑडिटला चालत असेल. माणूस पडला की चालणार नाही.

अंगठ्यावरून फार तर मेसेज उघडला एवढंच कळतं. तोही टपरीवर चहा घेताना, आणि कधी कधी चौघांच्या फोनवरून एकानेच. कागदी रजिस्टरची तऱ्हा वेगळी नाही. महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनने तीस दिवसांच्या सह्या झालेल्या मी पाहिल्यात. आणि 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतानाचे फोटो सगळ्यांत आधी याच मंडळींकडून येतात.

तुमच्या पीडीएफमध्ये 'उंचीवर सेफ्टी बेल्ट लावा' असणारच. आता चार मीटर उंच शेडवरचा फिटर घ्या. हूक त्याने पायाशीच अडकवलाय. बेल्टची दोरी साधारण दोन मीटर. पडताना झटका शोषणारी पट्टी उसवत जाते, ती आणखी पावणेदोन मीटरपर्यंत. त्याखाली त्याचं स्वतःचं शरीर लोंबकळणार, शिवाय थोडी मोकळी जागा हवी. हिशेब सहा मीटरच्या पुढे जातो. म्हणजे त्याने तुमची सूचना तंतोतंत पाळली आणि तरी जमिनीवर आपटला. तिथे हूक डोक्याच्या वर लावायचा, दोरी आखूड घ्यायची की सरळ परांची बांधायची, हे जागा पाहिल्याशिवाय ठरत नाही. पीडीएफने जागा पाहिलेली नाही.

तेव्हा व्हिडिओ कॉल लावा, कॅमेरा जागेवर फिरवायला सांगा आणि स्वतः कमी बोला. काल नव्हतं असं आज काय आहे? हूक कशाला लावणार, दाखव. वरून तारा जातात का? बेल्टवर कोणी लटकला तर त्याला खाली कोण उतरवणार, कशाने? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता असते. लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते आणि अग्निशमनची गाडी तालुक्याच्या गावी उभी असते. उत्तर नसेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही.

रेंज नसेल तर टोळीतल्या अनुभवी माणसाला ही पद्धत आधी शिकवा, तो तिथेच घेईल. प्रश्नावली मात्र माझ्या भरवशावर छापू नका. सेफ्टी ऑफिसर नसेल तर जाणकार सल्लागाराला एकदा प्रत्येक प्रकारची साइट दाखवा.

एक संस्था अर्ध्या तासाच्या ऑनलाइन कोर्सवर 'वर्क ॲट हाइट' प्रमाणपत्र देते. ते असलं की रोजची टॉक लागत नाही म्हणे.

विकणारा असंच म्हणणार. बेल्ट न बांधता, शिडीला हात न लावता मिळालेला कागद भिंतीवर लावा. रोजची टॉक चालू ठेवा.

सौर पंप बसवताना मेन स्विच बंद केला की वायरिंगला धोका नाही, असं सप्लायरचा माणूस सांगतो. टॉकमध्ये तेच सांगू का?

अजिबात नको. ऊन आहे तोवर पॅनेल वीज बनवतच राहतं. स्विच पुढचा पुरवठा तोडतो, पॅनेलकडची बाजू जिवंतच असते आणि ओळीत जोडलेल्या पॅनेलचा दाब काहीशे व्होल्ट डीसी होतो. लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी तुटत नाही, हात भाजतो. कामाचा क्रम उत्पादकाच्या पुस्तिकेतून आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या.

पावसाळ्यात मोबाइल बंद ठेवला की वीज पडत नाही, हे टोळीला सांगावं का?

नाही. मोबाइल वीज ओढत नाही, उलट तो चालूच हवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप त्यावर घ्या. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर काम थांबवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. झाडाखाली नाही.

टोळी ओडिशाची. टॉक मराठीत घेतली तर चालेल?

त्यांना मराठी कळत असेल तर.

एका फिटरला पूर्वी फिट यायची, आता बरा आहे म्हणतो. वर चढवू का?

डॉक्टरांनी तपासून लेखी दिल्याशिवाय नाही. 'बरा आहे' हे त्याच्या तोंडून पुरत नाही, रोजीचा प्रश्न असतो.

टॉवरवर रेंज नसते. माणसाचा फोन आला नाही तर किती वेळ वाट पाहावी?

हे संध्याकाळी ठरवायचं नसतं, सकाळच्या टॉकमध्ये ठरतं. फोन किती वाजता करायचा, तो आला नाही तर कोण निघणार, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं. वेळ टळली की माणूस निघालाच पाहिजे. 108 ला फोन करताना गट नंबर सांगून उपयोग नाही. गाव, फाटा, शाळा किंवा देऊळ सांगता यायला हवं. तुम्ही एकट्याला पाठवता का, हे पत्रात लिहिलेलं नाही. पाठवत असाल तर ते आधी बंद करा, मग पुढचं विचारा.